दंतरोपणापूर्वीचे अस्थिरोपण : हाड कोठून येते, काय विचारावे, काय सांभाळावे

(कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक)

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी कायमस्वरूपी दात बसवावा, असे अनेकांना वाटते. त्यासाठी जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवतात व त्यावर कृत्रिम दात चढवतात. यालाच दंतरोपण किंवा नित्याच्या बोलण्यात ‘इम्प्लांट’ म्हणतात. परंतु तपासणीनंतर दंतवैद्य कित्येकदा सांगतात, “हाड कमी आहे, आधी हाड भरावे लागेल.” हे ऐकून रुग्ण गोंधळून जातो. हाड भरायचे म्हणजे कोणाचे? ते सुरक्षित असते का? ते टाळता येते का? खर्च वाढवण्यासाठी तर हे सांगितले जात नाही ना? असे प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आपण विचारपूर्वक निर्णय घ्यावा व संमतिपत्रावर समजून-उमजून सही करावी, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

१. दात गेल्यावर हाड का झिजते?

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. आपण घास चावतो तेव्हा त्याचा दाब मुळावाटे हाडापर्यंत पोहोचतो आणि या दाबामुळेच ते हाड टिकून राहते. दात गेला की खोबणीभोवतीच्या हाडाचे काम संपते आणि शरीर ते हळूहळू शोषून घेऊ लागते. ही झीज सुरुवातीच्या काळात सर्वाधिक वेगाने होते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते व त्यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच घडतो. गालाच्या व ओठाच्या बाजूचे हाड मुळातच पातळ असल्यामुळे ते आधी खचते.

झीज होण्याची आणखीही कारणे आहेत. हिरड्यांचा जुना आजार, दाताच्या मुळाशी झालेला पू, अपघात, वर्षानुवर्षे वापरलेली सैल कवळी, या सर्वांमुळे हाड कमी होते. वरच्या जबड्यातील दाढांच्या मुळांवर सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर ही पोकळी खाली उतरते आणि स्क्रू बसवण्यापुरतेही हाड उरत नाही.

२. स्क्रूला हाडाची एवढी गरज का?

टायटॅनियमभोवती जिवंत हाड थेट वाढते आणि दोन्ही घट्ट जोडले जातात. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी हा गुणधर्म ओळखला व १९६५ मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. आजचे दंतरोपण याच तत्त्वावर उभे आहे. स्क्रूच्या चहूबाजूंनी पुरेसे हाड असेल तरच ही जोड पक्की होते. भुसभुशीत जमिनीत रोवलेला खांब जसा डळमळतो, तसाच अपुऱ्या हाडातील स्क्रूही सैल होतो. म्हणून जेथे हाड कमी आहे तेथे आधी भर घालावी लागते. यालाच अस्थिरोपण किंवा ‘बोन ग्राफ्ट’ म्हणतात.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. भरलेला पदार्थ बहुतेक वेळा स्वतः जिवंत हाड नसतो. तो एक आधार असतो. वेल चढण्यासाठी मांडव घालावा तसा हा मांडव असतो. त्यावर आपल्याच शरीरातील रक्तवाहिन्या व पेशी पसरतात आणि नवे हाड तयार करतात. त्यामुळे या उपचाराचे यश पदार्थाच्या किमतीपेक्षा आपल्या शरीराच्या भरून येण्याच्या शक्तीवर अधिक अवलंबून असते.

३. भरण्याचे हाड कोठून येते?

असे पदार्थ चार प्रकारचे असतात. प्रत्येकाचे फायदे आहेत, तशाच मर्यादाही आहेत.

(अ) स्वतःचे हाड. हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागील भागातून किंवा मोठी गरज असल्यास कमरेच्या हाडातून हे घेतले जाते. यात जिवंत पेशी असतात, शरीर ते नाकारत नाही व दुसऱ्याकडून रोग येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र आणखी एक जखम सोसावी लागते, हाड मर्यादित प्रमाणातच मिळते आणि भरलेल्या हाडाचा काही भाग लवकर झिजू शकतो.

(आ) मानवी दात्याचे हाड. हे दान केलेले हाड असते. दात्याची तपासणी करून, हाडावर प्रक्रिया करून व ते निर्जंतुक करून ऊतीपेढीत म्हणजेच ‘टिश्यू बँके’त साठवले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ऊतीपेढी १९८८ पासून कार्यरत असून तेथे निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरणांचा वापर होतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे ऊतीपेढीला नोंदणी बंधनकारक आहे व मानवी ऊतींचा व्यापार हा गुन्हा आहे. दुसरी जखम टळते, हा या प्रकाराचा मोठा लाभ होय. योग्य तपासणी व प्रक्रिया झालेल्या हाडातून संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी असते, पण ती शून्य आहे असे म्हणता येत नाही.

(इ) प्राण्यांचे हाड. बहुधा गोवंशाचे आणि काही वेळा डुकराचे हाड वापरले जाते. त्यातील सेंद्रिय भाग उष्णतेने किंवा रसायनांनी काढून टाकतात व केवळ खनिजांचा सच्छिद्र सांगाडा उरतो. तो अत्यंत सावकाश विरघळतो, त्यामुळे भरलेली जागा दीर्घकाळ टिकून राहते. सायनसखालील भागात याचा वापर पुष्कळ होतो.

(ई) कृत्रिम पदार्थ. हायड्रॉक्सिॲपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि जैवसक्रिय काच हे प्रमुख पदार्थ आहेत. हाडातील नैसर्गिक खनिजाशी पहिल्या दोहोंचे मोठे साम्य आहे. यांत मानवी किंवा प्राणिज अंश नसतो व ते हव्या त्या प्रमाणात उपलब्ध होतात. हायड्रॉक्सिॲपटाइट फार सावकाश विरघळते, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यामानाने लवकर विरघळते. म्हणून दोहोंचे मिश्रणही वापरले जाते. हे पदार्थ केवळ आधार देतात, नवे हाड निर्माण करण्याची प्रेरणा त्यांच्यात अल्प असते.

काही ठिकाणी रुग्णाचेच थोडे रक्त काढून, ते यंत्रात फिरवून ‘पीआरएफ’ नावाचा जेलीसारखा थर तयार करतात. जखम भरून येण्यास त्याचे साहाय्य होते. मात्र मोठी झीज एकट्या पीआरएफने भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

सर्वांसाठी सर्वोत्तम असा एकच पदार्थ नाही. झीज किती आहे, कोठे आहे, आपले वय व आजार कोणते आहेत आणि आपली संमती कशाला आहे, यांवरून निवड ठरते.

४. श्रद्धा, आहार व संमती

आपल्या देशात अनेक कुटुंबे गोवंशाचा, डुकराचा किंवा कोणताही प्राणिज पदार्थ वर्ज्य मानतात. काहींना मानवी दात्याचे हाड नको असते. अशी इच्छा असल्यास ती संकोच न करता उपचारापूर्वीच सांगावी. शस्त्रक्रिया झाल्यावर पदार्थाचा उगम कळला आणि मनाला कायमची टोचणी लागली, असे घडू देऊ नये. भरलेले हाड नंतर सहजी काढता येत नाही.

केवळ हाडाविषयी विचारून थांबू नये. भरलेल्या जागेवर अनेकदा एक पातळ पडदा अंथरतात. तो बहुधा कोलॅजनचा असतो आणि कोलॅजन गोवंशापासून किंवा डुकरापासून मिळते. रक्तस्राव थांबवणारा जिलेटिनचा स्पंज आणि काही विरघळणारे टाकेही प्राणिज असू शकतात. या प्रत्येकाला कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. “हाड, पडदा, स्पंज आणि टाके, या चारही गोष्टी कशापासून बनल्या आहेत?” असा स्पष्ट प्रश्न विचारावा व उत्तर संमतिपत्रात लिहून घ्यावे. हा आपला हक्क आहे. अशी विचारणा केल्याने दंतवैद्यांचा अवमान होत नाही.

५. प्रत्येकाला अस्थिरोपण लागते का?

नाही. पुरेसे हाड असल्यास थेट स्क्रू बसवता येतो. झीज थोडी असल्यास स्क्रू बसवतानाच बाजूला भर घालता येते. काही रुग्णांत आखूड किंवा बारीक स्क्रू वापरून अस्थिरोपण टाळता येते. हाड किती आहे हे केवळ तोंडात पाहून ठरत नाही. त्यासाठी क्ष-किरण चित्र आणि बहुधा ‘सीबीसीटी’ हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करावा लागतो. स्कॅनवर हाडाची उंची व रुंदी किती मिलिमीटर आहे, हे दंतवैद्यांना दाखवण्याची विनंती करावी.

दंतरोपण हा एकमेव मार्ग नाही, हेही ध्यानात घ्यावे. शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा ब्रिज आणि काढता-घालता येणारी कवळी हे जुने व उपयुक्त पर्याय आहेत. त्यांना सहसा अस्थिरोपण लागत नाही. ब्रिजसाठी शेजारचे दात घासून लहान करावे लागतात, तर कवळीची सवय व्हायला काही दिवस जातात. खर्च, वेळ व प्रकृती यांचा विचार करून कवळी निवडणे यात कोणताही कमीपणा नाही.

दात काढायचा असेल तर तत्पूर्वीच पुढील दाताचा विचार करावा. दात काढतानाच खोबणीत भर घातल्यास नंतरची झीज बरीच कमी करता येते. भविष्यात दंतरोपण करायचे असल्यास “खोबण भरून घ्यावी का?” हे दात काढण्याआधी विचारावे.

६. दंतवैद्यांपासून काहीही लपवू नये

समजा, एका घरातील ६४ वर्षांच्या आजींना दोन दाढा बसवायच्या आहेत. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर त्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगतात. हाडे ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा सलाइनमधून घेतलेले इंजेक्शन त्यांच्या स्मरणातही नसते, कारण ते ‘रोजचे औषध’ नव्हे. पण त्याच इंजेक्शनामुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड उघडे पडण्याचा व न भरून येण्याचा धोका वाढतो. म्हणून घरच्यांनी जुनी कागदपत्रे शोधून सोबत न्यावीत. पुढील बाबी अवश्य सांगाव्यात :

• हाडे बळकट करणारी औषधे : अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब इत्यादी. ही औषधे कर्करोगातही दिली जातात. ती स्वतःहून बंद करू नयेत. डेनोसुमॅब अचानक थांबवल्यास मणक्याची हाडे मोडण्याचा धोका असतो. मूळ डॉक्टर व दंतवैद्य यांनी मिळून निर्णय घ्यावा.
• मधुमेह : रक्तातील साखर अनियंत्रित असल्यास जखम उशिरा भरते व संसर्ग होतो. मागील सुमारे तीन महिन्यांचे चित्र दाखवणारी ‘एचबीए१सी’ तपासणी करून घ्यावी. साखर वाढलेली असल्यास आधी ती आटोक्यात आणावी. शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे गेल्याने फारसे बिघडत नाही.
• रक्त पातळ करणारी गोळी : ती चालू असल्याचे सांगावे, परंतु स्वतःच्या मनाने थांबवू नये. तसे केल्यास हृदयाला किंवा मेंदूला धोका पोहोचू शकतो.
• डोके व मान यांवर पूर्वी घेतलेले किरणोपचार : किरणोपचार झालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा घटलेला असतो. किती वर्षे उलटली, यावर विसंबू नये.
• गर्भारपण : ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. प्रसूतीनंतर करावी.
• वाढते वय : किशोरवयीन मुलांच्या जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत दंतरोपण करू नये.

तंबाखूविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भरलेल्या हाडापर्यंत रक्त पोहोचत नाही. गुटखा, खैनी व मिश्री यांचा तर थेट जखमेशीच संपर्क येतो. ‘दात घासण्यापुरती मिश्री’ हीदेखील तंबाखूच होय. सुपारीमुळे तोंड उघडणे कमी झाले असल्यास शस्त्रक्रियेची साधनेही आत जात नाहीत, शिवाय ते कर्करोगपूर्व अवस्थेचे लक्षण असू शकते. त्याची तपासणी आधी करून घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर साहाय्य मिळते.

७. उपचाराला किती वेळ लागतो?

हाड घाईने वाढत नाही. दात काढल्यावर भरलेली खोबण तयार होण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. सायनसखाली भर घातल्यास ४ ते ९ महिने थांबावे लागू शकते. त्यानंतर स्क्रू बसवला की तो हाडाशी जुळण्यास आणखी ३ ते ६ महिने लागतात आणि मगच वरचा दात चढतो. म्हणजेच काही रुग्णांचा उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालतो. लग्नकार्य, परगावचा प्रवास किंवा नोकरीतील बदली ठरली असल्यास आधी सांगून वेळापत्रक आखून घ्यावे. “सर्व काही एकाच दिवसात” हे आश्वासन काही निवडक रुग्णांबाबत खरे ठरू शकते. जेथे हाड फार झिजले आहे, तेथे अशा आश्वासनाविषयी अधिक चौकशी करावी.

८. शस्त्रक्रियेनंतरची काळजी

• पहिले २४ तास : दिलेला बोळा सांगितलेल्या वेळेपर्यंत दाबून धरावा. गालावर बाहेरून थांबून थांबून बर्फाचा शेक द्यावा. जोराने थुंकू नये, चूळ भरू नये व नळीने पेय ओढून पिऊ नये. असे केल्यास जखमेवरील रक्ताची गुठळी निसटते.
• आहार : कोमट किंवा थंड, मऊ अन्न घ्यावे. मऊ वरणभात, खिचडी, दही, लापशी किंवा नाचणीची आंबील चालेल. घास दुसऱ्या बाजूने चावावा. चिवडा, फुटाणे, तिखट व अतिगरम पदार्थ टाळावेत.
• स्वच्छता : दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी. इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत, मात्र जखमेवर ब्रश फिरवू नये. लवंगतेल, हळद किंवा मंजन जखमेवर लावू नये.
• हात लावू नये : जिभेने किंवा बोटाने जखम चाचपू नये. आरंभीच्या दिवसांत वाळूसारखे थोडे कण तोंडात आल्यास घाबरू नये. ते वरवरचे कण असतात. मात्र कण सतत बाहेर पडत असल्यास दंतवैद्यांना दाखवावे.
• औषधे : लिहून दिलेली औषधे सांगितले तितके दिवस घ्यावीत. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.
• सायनसखाली भर घातली असल्यास : दंतवैद्य सांगतील तोपर्यंत नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे आणि विमानप्रवासाविषयी आधी विचारावे.
• कवळी : जखमेवर दाब येणारी कवळी परवानगीशिवाय घालू नये.

सूज सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर ओसरते. गालावर निळसर डाग पडणेही शक्य आहे. हे दोन्ही नैसर्गिक आहे.

९. ताबडतोब दवाखान्यात केव्हा जावे?

• दाबून धरूनही रक्तस्राव थांबत नसल्यास
• तिसऱ्या दिवसानंतर सूज किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत असल्यास
• ताप, पू किंवा तोंडाला दुर्गंधी येत असल्यास
• ओठ, हनुवटी किंवा जीभ यांचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकून असल्यास
• टाके उसवून पडदा, कण किंवा हाड उघडे दिसत असल्यास
• पाणी पिताना ते नाकात येत असल्यास

गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होत असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

१०. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) मला अस्थिरोपण खरोखर आवश्यक आहे का? स्कॅनवर हाड किती दिसते?
२) ते न केल्यास कोणते पर्याय उरतात?
३) हाड, पडदा, स्पंज व टाके कशापासून बनलेले आहेत?
४) माझ्या आजारांमुळे व औषधांमुळे धोका किती वाढतो?
५) एकूण किती टप्पे, किती महिने व प्रत्येक टप्प्याचा खर्च किती?
६) भरलेले हाड टिकले नाही, तर पुढे काय व तो खर्च कोणाचा?

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. शासकीय दंत महाविद्यालयातही सल्ला घेता येतो. दुसऱ्या दंतवैद्यांचे मत घेणे गैर नाही. उपचार करणाऱ्यांची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे, याची खात्री करावी.

११. हा कागद जपून ठेवा

अस्थिरोपणाच्या पदार्थाच्या व स्क्रूच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असते. भारतात अशी साधने वैद्यकीय साधन नियम, २०१७ अन्वये नियंत्रित केली जातात. वेष्टन आपल्यासमोर उघडावे, अशी विनंती करता येते. बहुतेक वेष्टनांत नोंदीसाठी चिकटपट्टी दिलेली असते. ती आपल्या केसपेपरवर लावून घ्यावी. पुढे एखादी तुकडी सदोष ठरली, आपण दुसऱ्या गावी गेलात किंवा दहा वर्षांनी स्क्रूचा एखादा भाग बदलावा लागला, तर आपल्या तोंडात नेमके काय आहे हे या चिकटपट्टीवरून तत्काळ कळते. स्कॅनची प्रतही मागून घ्यावी व सर्व कागद एकाच पिशवीत ठेवावेत.

लक्षात ठेवा

भरलेले हाड एकदा जुळले म्हणजे काळजी संपली, असे नव्हे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आजार होतो आणि त्यातून तेच हाड पुन्हा झिजते. दिवसातून दोनदा ब्रश, दातांमधील फटींची स्वच्छता, तंबाखूपासून कायमची सुटका व दंतवैद्यांनी ठरवून दिलेली नियमित तपासणी, यांमुळे हे हाड टिकते. सर्वांत चांगले हाड मात्र आपल्या नैसर्गिक दाताभोवतीचेच असते. हिरडीतून रक्त येऊ लागले की दात हलण्याची वाट न पाहता दवाखान्यात जावे. वेळीच वाचवलेल्या दाताला अस्थिरोपणाची गरज पडत नाही.